डावं सासर, उजवं माहेर

ह्यांना बहीण नाही. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. तरी गेलं वर्षभर मी गाडीत बसले की माझ्या तोंडी दोन नणंदांशिवाय दुसरा विषय नसतो. थोरल्या वन्सं निघाल्यात म्हणे. धाकट्या वन्सं येऊन टेकल्या. गेल्या बाई एकदाच्या. मागे बसलेले पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसतात. काय बाई आहे, नवऱ्याच्या कानाशी दिवसभर त्याच्याच बहिणींची गाऱ्हाणी. मी म्हणते, खुशाल ढोसा. संध्याकाळी तुम्ही धडपणे आपल्या खोलीवर पोचलात की मी भरून पावले.

सांगूनच टाकते. ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून माझ्या डोळ्याला लावली आणि म्हणाले, यांना आता एवढंच दिसतं. गेलेलं परत यायचं नाही, औषध घालून आहे ते टिकवायचं, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. हे शहाण्या मुलासारखे मान डोलावत होते. बाहेर आल्यावर गाडीचं दार उघडलं, स्टीअरिंगवर बसले आणि मला म्हणाले, "बस." मी बसले. तेव्हापासून बसतेच आहे.

आमच्याकडे सगळे ह्यांना वाटाड्या म्हणतात. एक गाडी, एका वेळी एकच कुटुंब, आणि एका दिवसात गुहा, टेकडीवरचं देऊळ आणि धबधबा. घाई नाही, गर्दी नाही. उभा जन्म ह्यांनी हेच केलं. दुसरं काही येत नाही आणि यायला नकोही आहे. "गाडी गेली तर मी कोण?" एवढं एकच पालुपद. मी म्हणायची, माझे नवरे. त्यावर हे फडकं घेऊन गाडी पुसायला जायचे. गाडी शिकायला मी दोनदा बसले, पण गाडी हलली की माझे हातपाय गार पडायचे, तेही राहिलं.

मग आम्ही ती भाषा काढली. पाहुण्यांसमोर "डावीकडून बस येतेय" असं सारखं ओरडलं तर कुणालाही संशय येईल. म्हणून डावं ते सासर, उजवं ते माहेर. डावीकडून मोठं वाहन आलं की थोरल्या वन्सं, सायकल, मोटरसायकल किंवा पायी माणूस असेल तर धाकट्या वन्सं. उजवीकडून मोठं आलं की दादा, बारीकसारीक आलं की दादाची पोरं. निघाले म्हणजे लांब आहेत, टेकले म्हणजे जवळ आले, आला म्हणजे अंगावर आला, लगेच स्टीअरिंगवरचा हात दुसऱ्या बाजूला फिरवायचा. आणि "सासूबाई आल्या" म्हणजे आहे तिथं थांबायचं. माझ्या सासूबाई कधीच वारल्या, पण त्या होत्या तेव्हा दारात त्यांची चप्पल वाजली की घरातलं सगळं जिथल्या तिथं थांबायचं. तो शब्द ह्यांनीच सुचवला आणि सुचवून स्वतःच हसत बसले. मी सासर-माहेरात जन्मात कधी डावं-उजवं केलं नाही, आता दिवसभर तेच करते, असं मी म्हटलं, तेव्हाही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते. त्या हसण्यावर मी भाळले, दुसरं काय.

नणंदा मी मनानं घडवल्या, कारण नव्हत्याच. माहेरी घडवायची गरज पडली नाही. दादा खराच होता, लांबच्या शहरात राहायचा, येतो येतो म्हणायचा आणि येत नसायचा. तेव्हा तो शब्द वापरायला सोपा वाटला.

त्या दिवशीचे पाहुणे तिघे होते. एक ठसठशीत मातोश्री, त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई. सूनबाईला दिवस गेलेले, पोट चांगलं दिसत होतं. ती दार धरून हळूच आत बसली. आदल्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं होतं, एवढा हंगाम पुरे. हे म्हणाले होते, बघू. आता बघणार होते ते काय, ते देवालाच ठाऊक.

"गाडी मस्त ठेवलीत," चिरंजीव म्हणाले. "माझीही अशीच आहे. डोंगरात चालवायला मजा येत असेल ना?"

"येते की," हे म्हणाले.

बाजारपेठेतून बाहेर पडेपर्यंत माझ्या तोंडाला उसंत नव्हती. दुकानांसमोर टेम्पो उभे, मधून सायकली, शाळेची मुलं. धाकट्या वन्सं, धाकट्या वन्सं, दादाची पोरं, थोरल्या वन्सं निघाल्यात, टेकल्या, गेल्या. मातोश्रींना राहवेना.

"किती नणंदा आहेत तुम्हाला?"

"दोन. पण विसांना भारी."

"आणि सासूबाई?"

"त्या वारल्या."

"सुटल्या," मातोश्री म्हणाल्या. "बाई, राग मानू नका, पण नवऱ्यासमोर त्याच्या बहिणींचं इतकं काढू नये. तुमचे यजमान गरीब दिसतात म्हणून ऐकून घेतात."

"फार गरीब," मी म्हटलं. "तुम्हाला कल्पना नाही."

हे समोर बघत गालात हसले. सूनबाईपण हसली, पण सासूबाईंना दिसणार नाही अशी, खिडकीकडे तोंड करून. मला ती पोरगी तिथेच आवडली आणि तिथेच तिची भीती वाटायला लागली. कारण ती खिडकीबाहेर बघत होती, मोबाइलमध्ये नाही.

गुहांपाशी गाडी लावली तेव्हा माझी पाठ घामानं चिकटली होती. ह्यांची मात्र कळी खुलली. गुहेत शिरले की हे दहा वर्षांनी लहान होतात. आत पार काळोख, पायाखाली ओल, छपरातून पाणी ठिबकत असतं. सगळे चाचपडतात आणि हे सरळ चालतात. वाकायचं कुठे, पाय टाकायचा कुठे, कुठल्या खडकाला धरायचं, सगळं हातापायांना पाठ. मातोश्रींचा हात धरून त्यांनी निसरडी जागा ओलांडून दिली. मग सगळ्यांना एका भिंतीला टेकून उभं केलं आणि टॉर्च बंद केला.

"आता डोळ्यांचं काम नाही," हे म्हणाले. "ऐका. डावीकडचा थेंब पाण्यात पडतोय, उजवीकडचा दगडावर. समोरचा फार उंचावरून येतोय, त्याला वेळ लागतो. थांबा. हा आला."

मी हे शंभरदा ऐकलंय, तरी मला रडू आलं. अंधारात रडण्याची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. मला वाटलं, हे इथेच राहिले तर किती बरं होईल. इथे सगळेच ह्यांच्यासारखे आहेत आणि त्यात हेच सगळ्यांत हुशार. पण बाहेर यावं लागतं, आणि बाहेर रस्ता आहे.

तिथून देवळाच्या टेकडीकडे निघालो. वळणं होती, पण रहदारी कमी. थोरल्या वन्सं एकदाच आल्या, मिठाची पोती भरलेल्या ट्रकच्या रूपात. पायऱ्या बऱ्याच होत्या, म्हणून सूनबाईला मी खालच्या कट्ट्यावर थांबवलं आणि तिच्याबरोबर बसले. हे दोघा मायलेकांना घेऊन वर गेले. पायऱ्यांची ह्यांना भीती नाही, त्या समोरच असतात.

मी खालूनच देवळाला हात जोडले. काय मागावं ते सुचेना. ह्यांचे डोळे परत दे म्हणावं तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. ह्यांना अक्कल दे म्हणावं तर ती मलाही द्यावी लागेल. शेवटी म्हटलं, आजचा दिवस निभाव. उद्याचं उद्या बघू. रोज हेच मागते आणि रोज उद्याचं उद्यावर जातं, हे देवालाही एव्हाना कळलं असेल.

"पहिल्यांदाच का?" मी सूनबाईला विचारलं.

"दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "पहिलं राहिलं नाही."

तिची ओढणी वाऱ्यानं उडत होती, ती तिनं पोटाभोवती घट्ट गुंडाळून घेतली.

मंडळी खाली आली. हे दमले होते. सूनबाईनं उठून ह्यांच्या डाव्या बाजूनं पाण्याची बाटली पुढे केली. ह्यांनी बघितलंच नाही, तसेच पुढे निघाले आणि दंड लागून बाटली पडली, झाकण उडालं. "माफ करा हं, लक्ष नव्हतं," हे म्हणाले आणि बाटली शोधायला वाकले. बाटली पायाशीच होती. ह्यांना मान पुरी वळवून शोधावी लागली. मी झटकन उचलून हातात दिली. सूनबाई ह्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

धबधब्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला बोलणं भाग होतं. न बोलून सांगते कुणाला? मी बोलत गेले आणि माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर तिची मान त्या त्या बाजूला वळत गेली. मला आरशात दिसत होतं.

पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, धबधब्याला भरपूर पाणी होतं. शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. चिरंजीव आईचे फोटो काढण्यात गुंतले. सूनबाई माझ्याजवळ आली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "काकू, तुमच्या थोरल्या वन्सं नेहमी डावीकडूनच का येतात?"

मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, "नसत्या चौकशा कशाला करतेस? बस ना आपली गुपचूप फोटो काढत."

ती हलली नाही. "काकांना बाजूचं दिसत नाही ना?"

मग माझं अवसान गळालं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या सुरळीसकट. पाण्याच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं, वर्षभर मनात कोंडलेलं मी अक्षरशः ओरडून सांगितलं. मला वाटलं आता ही बोंब मारणार. ती म्हणाली, "माझा नवरा चालवेल. तुम्ही काकांना सांगा, चक्कर येते म्हणा, काहीही म्हणा. मी सासूबाईंना काही सांगणार नाही. त्यांना कळलं तर काकांची अब्रू राहायची नाही. पण मी आता अशी बसणार नाही."

किती सोपं करून दिलं होतं तिनं. मी ह्यांच्याकडे गेले. हे एका खडकावर बसून धबधब्याकडे बघत होते.

"इतक्या लांबून सरळ बघितला की अजून पुरा दिसतो," हे म्हणाले. "वरपासून खालपर्यंत."

मी निरोप सांगितला. ह्यांनी खिशातली चावी चाचपली. मग म्हणाले, "वरचा रस्ता अरुंद आहे, डाव्या अंगाला दरी. तो पोरगा आयुष्यात पहिल्यांदा येतोय इथे. त्याच्यापेक्षा मी आंधळा बरा. खाली रुंद रस्ता लागला की देईन चावी."

"नक्की?"

"देईन म्हटलं ना. पण इथूनच मला माझ्या गाडीत पाहुणा करून बसवू नकोस. एवढं ऐक."

ह्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हीच तर पंचाईत. आणि ते "एवढं ऐक" ह्यांनी असं म्हटलं की मी विरघळले. सूनबाईला जाऊन सांगितलं, वरचा रस्ता अनोळखी माणसाला झेपणार नाही, खाली रुंद रस्ता लागला की तुझा नवरा चालवेल. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही शब्द देताय?" मी म्हटलं, देते. ती पोटावर हात ठेवून गाडीत बसली. माझ्या शब्दावर बसली.

उतार सुरू झाला. हे हळू चालवत होते, तेही अगदी बेतानं. एक दादा निघाला, टेकला, गेला. सगळं नीट चाललं होतं. आरशात सूनबाईचे डोळे माझ्यावर खिळलेले, मला ते सोसवेनात. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम. पण त्या डोळ्यांपासून सुटायला मला काहीतरी हवं होतं. बघते तर शेजारीण. घरी काही झालं की काय म्हणून घेतला.

"अगं, कुठे आहेस?" शेजारीण म्हणाली. "तुझ्या दारात तुझा भाऊ येऊन बसलाय. बॅग घेऊन आलाय राहायला."

"दादा आला?" मी म्हटलं.

किती वर्षांनी आला होता. माझ्या आवाजात जेवढा आनंद होता तेवढा सगळा त्या दोन शब्दांत उतरला असणार, आणि ह्यांना तो घाबरल्यासारखा ऐकू आला असणार. ह्यांनी विचार केला नाही. विचार करायचाच नाही, माझा शब्द ऐकला की हात फिरवायचा, असंच आमचं ठरलेलं. ह्यांनी गाडी डावीकडे घातली. उजवीकडे काही नव्हतं. डावीकडे दरी होती.

कठड्याचा एक दगड सुटून खाली गेला. तो खाली पोचल्याचा आवाज लवकर आला नाही. गाडी दुसऱ्या दगडाला घासून तिरपी थांबली. सूनबाई किंचाळली नाही. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मातोश्रींचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं.

"भावाचं नाव काढलं तर माणसानं इतकं दचकावं?" त्या कपाळ चोळत म्हणाल्या. "मेहुण्याशी भांडण आहे की काय तुमचं?"

"कुत्रं आडवं आलं," हे म्हणाले.

चिरंजीवांनी खाली उतरून पुढे-मागे बघितलं. कुत्रं कुठेच नव्हतं. "बाजूला घ्या इथून," ते म्हणाले, "वळणावरून कुणी आलं तर आपल्यालाच उडवेल." ह्यांनी गाडी मागे घेतली, सरळ केली, चिरंजीव बसले आणि आम्ही पुन्हा उताराला लागलो. मी एकही शब्द बोलत नव्हते. ह्यांनी दोनदा माझ्याकडे मान वळवली. मी बोलल्याशिवाय ह्यांना जग अर्धंच होतं, आणि माझ्या तोंडून आता काही फुटत नव्हतं.

दोन-तीन वळणं गेली. रस्ता थोडा मोकळा झाला, एका बाजूला गवताचा पट्टा आला. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, डावीकडे उजवीकडे चिटपाखरू नाही. खालचा रुंद रस्ता अजून लांब होता. मी म्हटलं, "सासूबाई आल्या."

ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी गवताच्या कडेला थांबली. ह्यांनी समोर बघितलं, मग मान वळवून उजवीकडे, मग डावीकडे, माझ्याकडे. "कुठे?" हळूच विचारलं.

"आल्या. आणि आता राहायला आल्यात. परत जाणार नाहीत."

"बाई, तुमच्या सासूबाई वारल्या म्हणालात ना सकाळी?" मागून मातोश्री म्हणाल्या.

ह्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. मी वाट बघत होते. मला वाटत होतं की आता चिडतील, म्हणतील मी केसानं गळा कापला. तसं म्हणाले असते तर मी ऐकूनही घेतलं असतं. ह्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, मागे वळले आणि गुहेत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "पाहुणे, मला बाजूचं दिसत नाही. वर्ष झालं. कुत्रं नव्हतं. आता पुढे तुम्ही चालवा."

मातोश्रींना समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा त्यांनी जे तोंड सोडलं ते मी इथे सांगत नाही. सगळं खरं होतं. माझ्या सुनेच्या पोटातलं लेकरू घेऊन तुम्ही खेळ केलात, त्या म्हणाल्या, आणि मला तिथेच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सूनबाई खाली उतरून गवतात बसली होती, पोटाशी हात धरून, मान खाली घालून, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मी तिच्याजवळ गेले तशी तिनं हात वर करून मला लांबच थांबवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "हललं." मग तिला रडू फुटलं. मलाही फुटलं, पण मी तिच्या जवळ गेले नाही. माझा शब्द घेऊन ती बसली होती, जवळ जायला तोंड नव्हतं.

चिरंजीव स्टीअरिंगवर बसले. रस्ता सांगायला हे त्यांच्या शेजारी, माझ्या जागेवर बसले. मी मागे, दाराशी अंग चोरून. मातोश्री माझ्याकडे पाठ करून मधे बसल्या होत्या. हे समोर बघत सांगत होते, आता डावं वळण, मग छोटा पूल, पुलानंतर खड्डा आहे, उजवीकडून घ्या. एकही चुकत नव्हतं. चिरंजीव मुकाट्यानं ऐकत होते.

खाली चौकात आलो. डावीकडून एक बस भरधाव येत होती. चिरंजीवांना ती दिसली होती, त्यांनी वेग कमी केलाच होता. पण माझ्या तोंडाला वर्षभराची सवय. मी म्हटलं, "थोरल्या वन्सं टेकल्या."

पुढच्या सीटवर ह्यांचा उजवा पाय खालच्या रिकाम्या जागेवर जोरात दाबला गेला. बस गेली. तरी हे पाय तसाच दाबून बसले होते. मग त्यांनी तो उचलून मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.